रस्ता आणि स्थलनामे : पनवेलच्या वाढीचा एक भाषिक पुरावा

स्थलनामांचा अभ्यास म्हटला की आपल्याकडे ताम्रपट, शिलालेख आणि व्युत्पत्ती ह्यांकडे लक्ष जाते. नाव जितके जुने व दुर्बोध तितके ते अभ्यासकाला प्रिय. ह्यामुळे नाका, फाटा, स्टँड, बायपास, सेक्टर ही रस्त्याकाठची नावे दुर्लक्षित राहिली आहेत. त्यांची व्युत्पत्ती उघड असल्याने त्यांत शोधण्याजोगे काही नाही, असा समज दिसतो. वस्तुतः हे नाव उच्चारणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न येथे व्युत्पत्तीपेक्षा अधिक फलदायी ठरतो. पनवेलच्या उदाहरणावरून हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पनवेल हे मूळचे खाडीकाठचे बंदर. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर मुंबईचा उतारू जलमार्गाने पनवेलला उतरे व तेथून खोपोली, खंडाळा ह्या वाटेने पुण्याला जाई. घाटावरचा माल ह्याच वाटेने बंदरावर येई. बैलगाडीची चाके घडविणे हा गावाचा मुख्य धंदा असून घाटावरून येणारा प्रत्येक गाडीवान परतताना एक जोडी घेऊन जातो, अशी नोंद ब्रिटिश काळच्या गॅझेटियरमध्ये आहे. रस्त्याने गावाला काय दिले, ह्याचे इतके नेमके उत्तर क्वचितच सापडते. १८५२ मध्ये येथे नगरपालिका झाली. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, पण ती कल्याण-कर्जतमार्गे. पनवेल बाजूला राहिले व त्याचे भवितव्य रस्त्याशीच बांधलेले राहिले.

ह्या गावातील दोन नावे प्रथम पाहू : ठाणा नाका व उरण नाका. वस्तीत शिरणारी वाट जेथे अडविता येते ती जागा म्हणजे नाका. तेथे चौकी असे व जकात घेतली जाई. ठाणा नाका काही ठाण्यात नाही. ठाण्याची वाट गावाबाहेर पडते तेथे तो आहे. म्हणजे हे नाव गावात उभ्या असलेल्या माणसाने, बाहेर पाहत दिलेले आहे. मरोळ नाक्यासारखे अपवाद मुंबईच्या उपनगरांत आढळतात, तेथे स्थानाचेच नाव नाक्याला मिळाले आहे. परंतु स्वतःला केंद्र मानणाऱ्या गावाची नाक्याची नावे बहुधा पनवेलसारखीच असतात. जकात तर गेलीच. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये ती मुंबईतही संपली. नाका शब्द मात्र 'चौक' ह्या अर्थाने टिकला, आणि 'टोलनाका' ह्या समासात त्याला जुना अर्थ पुन्हा लाभला.

फाट्याची गोष्ट वेगळी. कार्ला फाटा, दांड फाटा, शीळ फाटा ही नावे धावत्या गाडीतून दिलेली आहेत. मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यालाच बाजूची वाट फुटलेली, फाटलेली दिसते. गावातल्या माणसाच्या दृष्टीने ती फाटत नाही, ती त्याच्या घरापासून सुरू होऊन सडकेला मिळते. पळस्पे फाट्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथून फुटणारी वाट थेट गोव्याला जाते, तरीही तो गोवा फाटा झाला नाही. उतारूला खूण हवी होती ती आपण आता कोठे आलो ह्याची, आणि ती जवळच्या खेड्याने पुरविली. नाक्याचे नाव गंतव्य सांगते, फाट्याचे नाव स्थिती सांगते. मोटारवाहतूक वाढली तशी फाट्यावर प्रथम चहाची टपरी, मग एस.टी.चा थांबा, पंक्चर काढणारा, पेट्रोलपंप व पुढे जमिनीचे दलाल, हा क्रम महाराष्ट्रात शेकडो ठिकाणी घडला. खेड्याचे नाव दूरवर पोहोचले, पण ते फाट्याचे नाव म्हणून.

ह्या स्थित्यंतराची एक खूण विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये ह्यांतही आढळते. आळीत, पेठेत, वाड्यात, गावात : जुन्या वस्तीचे घटक '-त' प्रत्यय घेतात, कारण त्यांना आतली बाजू आहे. नाक्यावर, फाट्यावर, स्टँडवर, हायवेवर : येथे 'वर' येते, कारण रस्त्याकाठची जागा हा एक बिंदू असतो, त्याला आत नसते. बंदर ह्या दोहोंच्या मध्ये आहे. गलबत बंदरात लागते, माल बंदरावर उतरतो. नियोजित वसाहत आली तेव्हा तिसरे रूप आले, 'सेक्टरमध्ये'. 'बाजार' हाही परकाच शब्द, पण तो इतका मुरला की आपण सहज 'बाजारात' म्हणतो. 'सेक्टरात' मात्र सहसा कानी येत नाही. सेक्टर ह्या शब्दाने अद्याप सामान्यरूप स्वीकारलेले नाही. येथे राहणाऱ्यांनी सेक्टर स्वीकारले, मराठीने ते अजून दाराशीच ठेवले आहे, असे गंमतीने म्हणता येईल.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली व १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल खुला झाला. तोवर मुंबईहून पुण्याला जाणारी मोटार ठाणे-मुंब्रा-शीळ असा वळसा घेऊन पनवेलला येत असे. आता ती सरळ येऊ लागली, आणि ह्या सरळ रस्त्याच्या दोहो बाजूंची जमीन नव्या शहराच्या योजनेत गेली. एकूण ९५ गावे ह्या संपादनाच्या कक्षेत आली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना आली. ह्या भागात 'साडेबारा टक्के' हे आता केवळ प्रमाण राहिलेले नाही, ते नाम झाले आहे. कोणाचे साडेबारा टक्के मिळाले, कोणाचे अडले, अशी वाक्ये येथे कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत.

ह्याच काळात नावांच्या व्यवस्थेत एक उलथापालथ झाली व मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. 'नवीन पनवेल' वसले तेव्हा मूळ पनवेल 'जुने पनवेल' झाले. कळंबोली, कामोठे, खारघर ही खेड्यांची नावे वसाहतींना दिली गेली. त्यामुळे मूळ खेड्याचा निर्देश करायचा तर कळंबोली गाव, कामोठे गाव, खारघर गाव असे म्हणणे भाग पडते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, पूर्वीचे अचिन्हित रूप चिन्हांकित झाले. ज्याचे नाव, त्यालाच ते सांगताना पुरवणी जोडावी लागते. नवागताला ते विनाविशेषण मिळते. नाव जतन केले, असे नियोजनकार म्हणू शकतील, आणि ते खोटे नाही. पण जमिनीप्रमाणेच नावाचाही मूळ धनी येथे बदलला आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली व ह्या वसाहती तिच्यात आल्या. त्यामुळे 'पनवेल' म्हणजे काय, हे आता बोलणारा कोठे राहतो त्यावर ठरते.

कळंबोलीपासून निघणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. ह्या मार्गावर फाटा नाही. जेथे हवे तेथे थांबता येत नाही, बैलगाडी किंवा दुचाकी नेता येत नाही. म्हणून ज्या प्रक्रियेने फाट्यांची नावे जन्मली ती येथे संभवतच नाही. नवी खूण लागली ती मार्गाच्या तोंडाशी : कळंबोलीला पुण्याची बस पकडणारे उतारू 'मॅकडोनाल्डपाशी' उभे राहतात. जुन्या रस्त्याला लोक अजून 'एनएच फोर' म्हणतात. २०१० च्या फेररचनेत त्याचा क्रमांक ४८ झाला. फलक बदलले, बोलणे बदलले नाही. कचेरीने दिलेला आकडाही पुरेसा काळ तोंडी राहिला की हट्टी विशेषनाम होतो, हे येथे दिसते.

सध्या ह्या परिसरातील नावाचा वाद विमानतळाचा आहे. त्यासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोंबडभुजे अशी दहा गावे हलविण्यात आली. विमानतळाला दि. बा. पाटील ह्यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये केला, व ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. वर्तमानपत्रांत चर्चा त्या एका नावाची होते. हललेल्या गावांची शेते, बांध, खाजणे, देवस्थाने ह्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नव्हती. ती तेथे कसणाऱ्यांच्या व मासेमारी करणाऱ्यांच्या तोंडी होती. नव्या जागी गेलेल्या वृद्धांना ती अजून सांगता येतात. ती टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील दोनतीन विद्यार्थी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करू शकतील. त्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही.