पगारापलीकडे : कँटीनचं ताट

बोनसच्या किमान 8.33 आणि कमाल 20 टक्क्यांचा हिशेब आज मांडायचं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो. कुरकुंभहून एका वाचकाने विचारलं आहे, ‘बस, विमा, गणवेश सगळ्यांवर सविस्तर लिहिलंत, मग कँटीनवर दोनच ओळी का?’ प्रश्न रास्त आहे.

रांजणगाव, सणसवाडी किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत कोणालाही ‘कंपनी कशी आहे?’ म्हणून विचारा. पगार सांगून झाला की दुसरं वाक्य जेवणाचंच येतं. शिरूर-दौंडच्या गावांतून फर्स्ट शिफ्टला निघणाऱ्याची बस डबा होण्याआधीच दारात येते. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली पोरं एका खोलीत चौघं-पाचजण राहतात. त्यांचं दिवसातलं धड जेवण कंपनीतच होतं. विम्याचं कार्ड आजारपणात आठवतं, कँटीन रोज. म्हणून नाइट शिफ्टला गार चपाती मिळाली, गुरुवारी उपवासाला साबुदाणा नसला, तर माणूस वर्षभर ते विसरत नाही.

1948 च्या फॅक्टरी ॲक्टने 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कँटीन बंधनकारक केलं. त्याच्या 46 व्या कलमातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असणं आवश्यक होतं. दुसरी, कँटीन चालवण्याचा काही खर्च मालकाने सोसायचा होता, तो जेवणाच्या दरात धरायचा नव्हता. डाळ पातळ का, दर का वाढला, हे विचारायचा हक्क कामगाराला यातून मिळाला. तरीही समितीत आपल्या बाजूने कोण बसतं, हे बऱ्याच कामगारांना सांगता येत नाही.

खरी खदखद आहे ती कंत्राटी कामगारांची. एकाच लाइनवर, शेजारी शेजारी काम. पण परमनंटचं कूपन स्वस्त, कंत्राटीचं महाग, असं काही ठिकाणी ऐकायला मिळतं. पैशांपेक्षा तो फरक जास्त लागतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कँटीनची जबाबदारी आधी ठेकेदाराची होती. त्याने टाळली तर मूळ मालकाची, म्हणजे कंपनीची. मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवत. 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही पळवाट बंद केली. कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सोयी थेट मूळ मालकानेच पुरवायच्या. शिवाय कँटीनसाठीची किमान कामगारसंख्या 100 वर आली, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे. कुरकुंभ-रांजणगावच्या कित्येक मध्यम कारखान्यांना ही संख्या लागू पडेल. माझ्या मते या संहितेतला कामगाराच्या रोजच्या जगण्याला भिडणारा भाग हाच.

तुमच्या कंपनीच्या कँटीन कमिटीत एखादा कंत्राटी कामगार आहे का? असेल तर त्याचं म्हणणं किती ऐकलं जातं? शिरूर-दौंडच्या वाचकांनी जरूर कळवावं. बोनसकडे वळण्याआधी ती पत्रं मला वाचायची आहेत.