भरीव टिंब, पोकळ टिंब आणि कुलाब्याची वाट

अलिबागच्या पुळणीवर उतरलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो, "आता किल्ल्यात चालत जाता येईल का?" समोर कुलाबा किल्ला, शेजारी बांधाने जोडलेला सर्जेकोट, मध्ये कधी ओली वाळू तर कधी छातीभर पाणी. उत्तर देणारा घोडागाडीवाला पाण्याकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "जा, पण पाणी फिरायच्या आत या." माझ्या मते बीजगणितातल्या एका संपूर्ण प्रकरणाचं सार या एका वाक्यात आहे. पाण्याची उंची अमुक पातळीपेक्षा कमी हवी, आणि वेळ अमुक वाजण्याच्या आधीची हवी. दोन असमानता, मध्ये 'आणि'. मी वर्षानुवर्षं नववी-दहावीच्या मुलांना संख्यारेषा शिकवली आणि जमेल तेव्हा या किनाऱ्यावर येत राहिले. या दोन गोष्टी माझ्या मनात आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

शाळेत शिकलेलं विसरलेल्यांसाठी थोडक्यात उजळणी. समीकरणाचं उत्तर बहुधा एखाददुसरी संख्या असते. असमानतेचं उत्तर म्हणजे संख्यांचा अख्खा पट्टा. क्ष < ३ याचा अर्थ तीनच्या डावीकडचं सगळं. ते दाखवायचं तर आडवी रेघ काढायची, तीनवर टिंब द्यायचं आणि डावीकडे बाण सोडायचा. तीन स्वतः उत्तरात नसेल तर टिंब पोकळ, असेल तर (म्हणजे चिन्ह ≤ असेल तर) भरीव. दोन अटी 'आणि'ने जोडल्या तर दोन्ही पट्टे जिथे एकमेकांवर येतात तेवढाच भाग घ्यायचा; 'किंवा'ने जोडल्या तर दोन्ही पट्टे घ्यायचे. एवढंच. आता किनाऱ्याकडे वळू.

समुद्राची उंची मोजायला आधी शून्य ठरवावं लागतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी आहेत, आणि तिथलं शून्य म्हणजे नकाशांसाठी धरलेली एक खालची पातळी. साधारण ओहोटी तिच्या वरच थांबते. त्या शून्यापासून समुद्राची सरासरी पातळी सुमारे २.५ मीटर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढतं आणि तेव्हाची ओहोटी ०.८ पर्यंत उतरते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती ३.३ पर्यंतच येते आणि ओहोटी १.९ वरच अडते. अलिबाग मुंबईपासून दूर नाही, तेव्हा अंदाजाला हे आकडे चालतात. एखाद्या वर्षी ओहोटी शून्याच्याही खाली जाते. त्या दिवशी तक्त्यात उणे चिन्ह छापून येतं आणि संख्यारेषेची डावी बाजू प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात, आणि कालवं काढायला निघालेल्या बायका कोयती-टोपल्या घेऊन नेहमीपेक्षा पुढे जातात.

समजा, पाणी १.५ मीटरच्या खाली गेलं की किल्ल्याची वाट चालण्याजोगी होते. (खरी पातळी पावसाळ्यागणिक वाळू सरकते तशी बदलते, म्हणून हा आकडा केवळ उदाहरणाचा.) उंची < १.५. पहिली रेघ काढली, दीडवर पोकळ टिंब दिलं. आता भांगाच्या दिवसाचं पाणी बघा. ते १.९ च्या खाली उतरतच नाही. उंची ≥ १.९ आणि उंची < १.५. दोन्ही बाण एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, एकही बिंदू समाईक नाही. उत्तराचा संच रिकामा. मुलं फळ्यावर 'रिकामा संच' लिहून मोकळी होतात. अलिबागेत मात्र ते उत्तर घोट्यापर्यंत पँट दुमडून उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

वेळेचं गणित याहूनही रंजक आहे, आणि माझा खरा जीव तिथेच अडकलाय. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

हा ठोकताळा इतका चांगला का चालतो, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. एका चांद्रमासात तीस तिथी, आणि तेवढ्या अवधीत भरतीची वेळ घड्याळाची चोवीस तासांची पूर्ण फेरी करते. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. ठोकताळा ४५ धरतो, त्यामुळे दर तिथीला तीन मिनिटं मागे पडतो आणि पौर्णिमेला पाऊण तासाने चुकतो. भरती सव्वाअकराऐवजी बाराच्या आसपास येते. आता जुनं माप आठवा. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. म्हणजे तिथीची दुप्पट घटका घेतली तर हिशेब ४८ मिनिटांचा, अगदी काटेकोर! पाण्याला किनाऱ्याचा उंचसखलपणा आणि वारा यांचंही ऐकावं लागतं, त्यामुळे थोडा फरक तरीही पडतोच. पण आकाशातल्या चंद्राचा हिशेब घटकांत इतका चपखल बसावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यातून एक गोष्ट निघते जी पर्यटनाच्या पुस्तिकांत मला कधी वाचायला मिळाली नाही. सर्वांत खोल ओहोटी उधाणाच्या दिवसांत, आणि त्या दिवसांत भरती बाराच्या सुमारास. म्हणजे ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. भर दुपारची सोयीची ओहोटी येते ती अष्टमीला, आणि ती नेमकी भांगाची, अपुरी. या किनाऱ्यावर समुद्र दुपारी बाराला खूप मागे हटला आहे असं होतच नाही. आता 'आणि'ची अट लावा. पाणी पुरेसं खाली आणि दिवसाचा उजेड आणि हाताशी निदान दोन तास. तिन्ही पट्टे एकावर एक ठेवले की महिन्यातले थोडेच दिवस उरतात. माझे आवडते म्हणजे तृतीया आणि चतुर्थी. उधाणाचा जोर खरं तर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी कळसाला जातो, त्यामुळे तृतीयेची ओहोटीही चांगली खोल असते, आणि ती येते सकाळी साडेआठच्या आसपास. ऊन चढलेलं नसतं, वाळू घट्ट असते. किल्ल्यातला गणपती आणि गोड्या पाण्याचं तळं सावकाश बघून परतता येतं. चतुर्थीला ओहोटी नऊची धरली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दीड तास पाणी खाली राहतं असं मानलं, तर ७.३० < वेळ < १०.३०. दोन्ही टोकं पोकळ. साडेदहाला पाणी नेमकं हद्दीवर आलेलं असतं आणि चढत असतं, म्हणून त्या क्षणाला उत्तरात जागा नाही. एका टिंबाच्या पोटात शाई भरायची की नाही, हे मुलांना क्षुल्लक वाटतं. त्यांना एकदा साडेदहाच्या त्या वाटेवर उभं करावं.

आता 'किंवा'. भरतीला किल्ल्यात होडीने जाता येतं. समजा होडीला २.५ मीटरपेक्षा जास्त पाणी लागतं. मग किल्ला गाठता येईल तर उंची < १.५ किंवा उंची > २.५. दीडपासून डावीकडे एक बाण, अडीचपासून उजवीकडे दुसरा, मधला तुकडा कोरा. त्या कोऱ्या तुकड्यात, पायाला जास्त आणि होडीला कमी अशा पाण्यात, अलिबागच्या घोडागाड्यांचा धंदा चालतो. याच दोन अटींमध्ये 'किंवा'च्या जागी 'आणि' लिहा, किल्ला कायमचा तुटला! एका शब्दाने पूर्ण उत्तर पालटतं, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

मुरूडचा जंजिरा बघितला की फरक आणखी स्पष्ट होतो. तिथे ओहोटीलाही पाणी हटत नाही. चालत जाण्याची असमानता कोणत्याही तिथीला, कोणत्याही घटकेला सुटत नाही. होडीनेच जायचं. सिद्दीचा जंजिरा अखेरपर्यंत कुणाच्या हाती का लागला नाही याची कारणं इतिहासकार अनेक देतात. त्यांत या रिकाम्या संचाला मी वरचं स्थान देते.

ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, हा नियम मुलं घोकतात आणि विसरतात. तो मला जेट्टीवर पटवून देता येतो. जेट्टीचा काठ शून्यापासून सहा मीटर उंच आहे असं धरा. काठावरून दोरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं तर ते ६ वजा पाण्याची उंची. पाणी दोनपेक्षा कमी, तर दोरी चारपेक्षा जास्त. पाणी उतरतं तशी दोरी वाढते. मोजायची दिशा फिरली, म्हणून चिन्ह फिरलं. भिजलेली दोरी हातात धरलेल्या मुलीला हे पुन्हा सांगावं लागत नाही.

इतिहासातही समुद्र पाठ सोडत नाही. < आणि > ही चिन्हं छापून आली ती टॉमस हॅरियटच्या ग्रंथात, १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. हा हॅरियट १५८५ मध्ये इंग्रजांच्या मोहिमेबरोबर जहाजाने अमेरिकेला गेला होता आणि खलाशांना दिशादर्शन शिकवत असे. ≤ आणि ≥ यांचं मूळ रूप, खाली दोन रेघा असलेलं, १७३४ साली प्येर बुगेर याने वापरलं. तो ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा. वडील जलमापनाचे प्राध्यापक. ते गेल्यावर किशोरवयातच त्याला त्यांची जागा मिळाली, आणि पुढे १७४६ मध्ये त्याने जहाजबांधणीवर मोठा ग्रंथ लिहिला. जॉन वॉलिसने १६८५ च्या बीजगणितात पाच यार्ड पुढे जाऊन आठ यार्ड मागे येणारा माणूस रेषेवर चालवला आणि उणे तीन दाखवलं. त्याच पुस्तकात समुद्राकडून एकीकडे ३० एकर जमीन मिळवली आणि दुसरीकडे २० एकर गमावली, असं उदाहरण आहे. पेण-अलिबागच्या खारबंदिस्तीत, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीत, ज्यांची शेतं आहेत त्यांना ते समजावून सांगायची गरज नाही. आणि याच वॉलिसने १६६६ मध्ये भरती-ओहोटीवर आपला सिद्धान्त मांडला होता.

या यादीत एक नाव आपल्याकडचं हवं. वॉलिसच्या बऱ्याच आधी, १६०० च्या सुमारास, कृष्ण दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. घराणं मूळचं विदर्भातलं, पयोष्णीच्या काठचं, पुढे काशीला स्थायिक झालेलं. ऋण म्हणजे विरुद्ध दिशा, पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. संख्यारेषेची कल्पना याहून फार लांब नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव चौकटीत का होईना, यायलाच हवं.

टोकाच्या टिंबाचा प्रश्न किल्ल्यापुरता नाही. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. ६१ हा आकडा दोन्ही टोकं भरीव धरली तरच येतो. पोकळ धरली तर ५९ उरतात. पावसाळ्यात वृत्तपत्रांत 'साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा' असा मथळा येतो. तो आकडा लाटेचा नसतो, शून्यापासून मोजलेल्या भरतीच्या पातळीचा असतो. लाटा त्याच्या वर उसळतात. हे दरवर्षी चुकीचं छापलं जातं आणि त्यामुळे लोक पातळी पाहायची सोडून लाटा पाहायला गर्दी करतात.

आणि २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना. ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकामबंदी, त्याहून कमी असेल तर २०० मीटर. संख्यारेषेवर काढून बघा. २१६१ वर डावीकडूनही पोकळ टिंब, उजवीकडूनही पोकळ टिंब. अक्षरशः वाचलं तर नेमकी २१६१ घनता असलेलं गाव दोन्हींपैकी कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. असं गाव बहुधा सापडणार नाही. तरीही ज्या मसुद्यावर किनाऱ्यावरच्या माणसाचं घर अवलंबून आहे, त्यात एका बाजूला 'किंवा तितकीच' एवढे दोन शब्द घालायला हवे होते.