टाक्यांचा कणा

१६०३ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीची अंत्ययात्रा निघाली. शवपेटीवर राणीचाच राजवस्त्रे नेसवलेला पुतळा होता. कालांतराने पुतळा जीर्ण झाला आणि १७६० मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत तो नव्याने घडवला गेला. १९९५ मध्ये त्याच्या जतनाचे काम निघाले. वरचे कपडे उतरवल्यावर आत १६०३ सालचीच एक घट्ट अंगी निघाली. जाड कापडाचे थर, त्यांत टिपा मारून केलेल्या अरुंद नळ्या आणि नळ्यांत सरकवलेल्या देवमाशाच्या पट्ट्या. युरोपात आजवर टिकून राहिलेल्या अशा सर्वांत जुन्या अंग्यांमध्ये तिची गणना होते.

या वस्त्राला त्या काळी ‘बॉडीज’ म्हणत, अठराव्या शतकात ‘स्टेझ’ आणि पुढे ‘कॉर्सेट’. कॉर्सेट म्हटले की आवळलेली कंबर आणि चक्कर येऊन पडणारी बाई एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. ज्या शिवणीवर हे वस्त्र उभे राहिले, तिच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मला ती शिवण महत्त्वाची वाटते. गोधडीतले थर धावदोऱ्याने एकमेकांना धरून राहतात, तेच तत्त्व इथे सारा आकार पेलते.

‘व्हेलबोन’ नावाची ही पट्टी मुळात हाड नव्हेच. काही जातींच्या देवमाशांच्या तोंडात पाणी गाळण्यासाठी झालरीसारखे पडदे असतात. ते आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे असतात. ते उभे चिरता येतात, उबेने मऊ होतात आणि अंगाच्या वळणाप्रमाणे बसतात. पण सुटी पट्टी काही कामाची नाही. ती सरकते, टोचते, फिरते. तिला जागेवर धरते ती दोन्ही बाजूंची टीप. शिंपी लिननचे थर एकत्र घेऊन उलट्या टिपेच्या शेजारीशेजारी रांगा घालत. समोरच्या रांगा सरळ उभ्या असत, कुशीवरच्या तिरप्या होऊन कमरेकडे उतरत. कमरेखाली कापड चिरून पाकळ्या केलेल्या असत. त्या नितंबांवर पसरत, म्हणून कड अंगात रुतत नसे. नाडीची भोके हाताने काजासारखी गुंफलेली. दोन्ही बाजूंची भोके समोरासमोर नसत, थोडी वरखाली असत, कारण एकच नाडी नागमोडी ओवायची असे.

हे काम कोणी करायचे, यावरही भांडणे होती. १६७५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने पॅरिसच्या शिवणकरणींना स्वतंत्र संघ दिला. बायकांचे कपडे शिवायचा हक्क त्यांना मिळाला, पण ताठ अंगी पुरुष शिंप्यांकडेच राहिली. १७४७ मध्ये लंडनमधल्या व्यवसायांवर निघालेल्या एका पुस्तकात रॉबर्ट कॅम्पबेलने लिहिले की या कामाला लागणारे बळ बायकांपाशी नसते. अमेरिकन स्वातंत्र्याची बाजू मांडणारी ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लिहिणारा थॉमस पेन वडिलांच्या हाताखाली हाच धंदा शिकला होता.

कमरेखालचा मान गोधडीसारख्या टाचलेल्या परकराचा होता. वर साटीन, मध्ये लोकरीची भर, खाली लिननचे किंवा चकाकी दिलेल्या लोकरी कापडाचे अस्तर. नक्षी बहुधा घेराजवळ दाट वेलबुट्टीची आणि कमरेकडे साधी असे. वरचा भाग कपड्यांखाली झाकला जाई, मग तिथे श्रम कशाला घालायचे? हा परकर ऊब देई आणि वरच्या घागऱ्याला फुगवूनही धरी. काही पोशाखांमध्ये तो मुद्दाम पुढे दिसू दिला जाई. लंडनच्या दुकानांत असे परकर तयारही मिळत.

दक्षिण फ्रान्समधल्या मार्से शहराचे नाव एका वेगळ्याच रीतीला मिळाले. पांढऱ्या कापडाचे दोन थर घेऊन नक्षी टाचायची, मग मागच्या बाजूने दोऱ्या आणि कापूस सारून ती उठवायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच रीत कॉर्सेटमध्ये उतरली. कापड सुती झाले, देवमाशाच्या पट्ट्या कमी झाल्या. छाती आणि नितंबांसाठी कळ्या घातल्या गेल्या आणि ताठपणा आणायचे काम बरेचसे ओवलेल्या दोरीने केले.

हे घरी करून पाहता येते. मांजरपाटाचे वीतभर दोन तुकडे एकावर एक ठेवा. अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने समांतर टिपा मारा आणि प्रत्येक दोन टिपांमधून बोथट सुईने सुती दोरी ओवा. पंधरा-वीस दोऱ्या झाल्यावर तुकडा उचला. दोरीच्या लांबीत तो ताठ राहील, आडवा मात्र चटईसारखा गुंडाळता येईल. उभ्याने आधार आणि आडव्याने अंगाला वळसा, ही सगळी किमया मऊ कापड आणि मऊ दोरी यांचीच. १८३० आणि १८४० च्या दशकांत हीच दोरी परकराच्या घेरात आडवी, कड्यांसारखी फिरवली गेली आणि घेर पायांत कोसळेनासा झाला. १८५६ पासून पोलादी कड्यांचा क्रिनोलिन आला आणि अशा परकरांचे थरच्या थर नेसायची गरज उरली नाही.

पुढे यंत्रे आली. इंग्लंडमधल्या मार्केट हारबरो गावच्या सिमिंग्टन कारखान्याने कॉर्सेटचे मोठे उत्पादन केले. त्याच कारखान्याने १९०८ मध्ये ‘लिबर्टी बॉडिस’ काढली. विणलेले मऊ कापड, त्यावर शिवलेल्या पट्ट्यांचा आधार आणि देवमाशाची एकही पट्टी नाही. टीप राहिली, पिंजरा गेला.

आपल्याकडच्या पुढे गाठ मारायच्या चोळीत असा सांगाडा कधीच नव्हता. तिची सारी मदार तुकड्यांच्या बेतावर आणि गाठीवर. अंगाला आधार कसा द्यायचा, या एकाच प्रश्नाची दोन समाजांनी दोन उत्तरे काढली आणि दोन्ही सुईदोऱ्यानेच लिहिली. पण आतले कपडे झिजेपर्यंत वापरले जातात, मग त्यांची फडकी होतात. म्हणून ही उत्तरे सहज नष्ट होतात. तुमच्या घरात आजीची चोळी किंवा पणजीचा परकर उरला असेल, तर बोहारणीला देण्याआधी तो उलटा करा. टिपा मोजा, कळ्या कुठे जोडल्या ते पाहा, फोटो काढा, कोणी आणि केव्हा शिवला ते लिहून ठेवा.