फॉरमॅट मारण्याआधी

लातूर-नांदेडच्या घरांत कॉम्प्युटरची खरी आठवण येते ती जूनमध्ये. नीटचा निकाल, सीईटीचे गुण आणि पाठोपाठ प्रवेशाच्या फेऱ्या. कधीकाळी एमएस-सीआयटीच्या निमित्ताने घेतलेला आणि मधली वर्षं कव्हरखाली गेलेला पीसी पुन्हा चालू होतो, आणि नुसता डेस्कटॉप दिसायलाच पाच-सात मिनिटं घेतो. मग त्याला गाडीवर घालून दुकानात नेलं जातं. "सर, लई हँग व्हायलाय." पलीकडून उत्तर तयारच असतं: "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅटने फरक पडत नाही असं नाही. वर्षानुवर्षांचा पसारा जातो, चार-सहा आगंतुक सॉफ्टवेअरं जातात, आणि पहिले काही दिवस यंत्र हलकं वाटतं. पण रखडण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा जागच्या जागी राहतं. दिवाळीपर्यंत पुन्हा तीच गत. शिवाय घाईघाईत घरच्या लग्नाचे फोटोही त्यात जातात. म्हणून आधी नेमकं कुठे अडतंय ते बघावं; त्याला पैसे लागत नाहीत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. कॉम्प्युटर अडकलेला असतानाच ते बघायचे, आणि तिघांपैकी कोण शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून बसलंय ते टिपायचं. सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' नावाची एक ओळ असते. रोज रात्री बंद करूनही तिथे कधीकधी आठ-दहा दिवस दिसतात. याचं कारण असं की विंडोज 10 आणि 11 मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. आधी एकदा रीस्टार्ट करून बघा. काहींचं काम इथेच भागतं.

जुन्या घरगुती यंत्रांत सगळ्यात जास्त वेळा पकडली जाते ती डिस्क. गंमत म्हणजे टास्क मॅनेजर डिस्क 100 टक्के दाखवतो आणि त्याच्याच खाली वाचण्याचा वेग असतो सेकंदाला एक-दोन एमबी. हा आकडा डिस्क किती माल वाहतेय याचा नाही, ती किती वेळ गुंतलेली आहे याचा आहे. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला साधारण 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी डोकं त्या वर्तुळापर्यंत सरकण्यात आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एका लहान वाचनाला असे बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या फायली सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे इथून तिथून गोळा करायचे असतात. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा 5400 फेऱ्यांची असते, म्हणजे आणखी मंद.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिला तुकडा सापडायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हार्ड डिस्कवर चालणाऱ्या यंत्रावर एकाच गोष्टीचा खर्च करायचा असेल तर तो एसएसडीचा. साधी अडीच इंची साटा एसएसडी जवळपास प्रत्येक जुन्या डेस्कटॉपात आणि बऱ्याच लॅपटॉपांत बसते. मदरबोर्ड जुना असून पूर्ण वेग मिळत नसेल तरी हरकत नाही. इथे मोल आहे ते लवकर सापडण्याला. विंडोज एसएसडीवर घ्यायची आणि डेस्कटॉप असेल तर जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी आतच ठेवायची. एसएसडीला डीफ्रॅगची गरज नसते.

मात्र जुनी डिस्क एकाएकी मंद झाली असेल तर शंका वेगळी घ्यावी. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. लिहिणं चालू असताना वीज गेली की फायली बिघडतात, आणि असे झटके डिस्कच्या तब्येतीलाही बरे नाहीत. डिस्कवरचा एखादा भाग कमजोर झाला की ती तोच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळं थांबतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची अवस्था एका शब्दात सांगतं. तिथे 'कॉशन' दिसलं तर वेग नंतर, आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

मेमरीचा आकडा नव्वदीपुढे असेल तर रॅम अपुरी आहे. 4 जीबीत विंडोज 10 चालते, पण क्रोममध्ये प्रवेशाचं संकेतस्थळ, एक पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की जागा संपते. उरलेलं ओझं विंडोज डिस्कवर टाकते आणि पुन्हा त्याच तबकडीशी गाठ पडते. 8 जीबी केल्यास घरच्या कामाला पुरतं. रॅम विकत घेण्याआधी सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये विंडोज 32 बिट आहे की 64, ते वाचा. 32 बिट असेल तर 4 जीबीच्या वर घातलेली रॅम नुसती बसून राहील. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागातून आपोआप सुरू होणारी नको ती सॉफ्टवेअरं बंद करावीत. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या नादी लागू नये.

आता मराठवाड्याचं खास दुखणं. कॉम्प्युटर पहाटे अभ्यासाच्या वेळी नीट चालतो आणि मे महिन्यात दुपारी दोनला रखडतो, तर दोष बहुधा उष्णतेचा. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त खोलीच्या वर ठरावीक फरक राखतात. जानेवारीत 25 अंशाची असलेली खोली पत्र्याखाली 40 वर गेली की प्रोसेसरही पंधरा अंशांनी वर जातो. बहुतेक इंटेल प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. त्यात सोयाबीनच्या राशीची धूळ, काळ्या रानाची माती, आणि शेजारी पाण्याचा कूलर. ओलसर हवेत धूळ नुसती बसत नाही, हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा थर धरतो.

वायर काढून, बाजूचं झाकण उघडून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ती काढता येते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. यंत्र चार-पाच वर्षांचं असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्यावी. थंड सकाळीही, कुणी काही करत नसताना सीपीयू शंभरावर असेल, तर फुकटच्या क्रॅक विंडोजबरोबर आलेला पाहुणा असण्याची शक्यता मोठी. तिथे मात्र फॉरमॅटच योग्य, आणि या वेळी विंडोज अधिकृत.

राहिला प्रश्न एवढा खर्च करावा का याचा. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. नोंदणी केलेल्या घरगुती यंत्रांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव मुदत आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्याहून जुन्या यंत्रात एसएसडी घातली तर ती वाया जात नाही, उद्या नव्या यंत्रात काढून बसवता येते. रॅमचं तसं नाही, डीडीआर3 नव्या बोर्डावर चालत नाही. निव्वळ अर्ज भरणं, ऑनलाइन तासिका आणि मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर चांगली चालते, इनस्क्रिप्ट कळफलकासकट. मात्र टायपिंग परीक्षेचं किंवा डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर वापरायचं असेल, तर ते लिनक्सवर चालतं का, ते आधी विचारून घ्या.