मैदानावर शिकवायचा आदर

वयात आलेला मुलगा घरच्यांचे ऐकेलच असे नाही. पण क्रिकेटच्या सरांचा शब्द तो सहसा खाली पडू देत नाही. हे ओळखून अमेरिकेत खेळाच्या प्रशिक्षकांसाठी एक कार्यक्रम आखला गेला. त्याच धर्तीवर 2010 च्या सुमारास मुंबईत शाळांचे क्रिकेट प्रशिक्षक आणि गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीतील तरुण यांना घेऊन 'परिवर्तन' हा उपक्रम राबविण्यात आला.

पद्धत साधी आहे. आठवड्यातून एकदा सरावाच्या वेळी सर मुलांना दहा-पंधरा मिनिटे गोल करून बसवितात. शिवीगाळ, राग, मुलीने दिलेला नकार, मित्र छेड काढीत असेल तर आपण काय करावे, अशा विषयांवर बोलणे होते. झेल सुटला की "बायकांसारखा खेळतोस" असे हिणवणे मात्र आधी सरांनीच सोडावे लागते. कॅलिफोर्नियातील 16 शाळांत झालेल्या व 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, छळ होताना दिसल्यास मध्ये पडून थांबविण्याची तयारी अशा मुलांत अधिक आढळली.

आपल्याही वस्त्यांत संघ आहेत. ते चालविणाऱ्या बांधवांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : गप्प राहिलेला सरही मुलांना काहीतरी शिकवीतच असतो.