पकडलं खरं, पण ठेवायचं कुठे?

थर्ड इयरच्या सेमिनारला मी 'जहाजावरचं कार्बन कॅप्चर' हा विषय घेतला. खरं कारण, मामा जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे आणि फोटो फुकटात मिळणार होते! पंधरा स्लाइड्स धडाधड संपल्या. शेवटी सरांनी विचारलं, "पकडलेला गॅस ठेवणार कुठे?" मी म्हणालो, "टाकीत." "केवढ्या?" आणि माझी दांडी गुल! त्या रात्री रूमवर बसून जे गणित केलं, ते इथे मांडतोय.

आधी हा उपद्व्याप कशासाठी? २०१८ साली जहाजांमधून १०७ कोटी टनांहून अधिक हरितगृह वायू बाहेर पडले, म्हणजे मानवी उत्सर्जनाच्या जवळपास ३ टक्के. २०५० च्या सुमारास हे निव्वळ शून्यावर आणायचं, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलं. पण जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं. आज पाण्यात उतरलेली बरीच जहाजं तेव्हाही तेलच जाळत असतील. म्हणून कल्पना अशी, की धूर बाहेर सोडण्याआधी धुवायचा.

एक्झॉस्ट थंड करून टॉवरमध्ये खालून सोडायचा आणि वरून अमाइनचं द्रावण शिंपडायचं. साधारण ४० अंशांना अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं. दुसऱ्या टॉवरमध्ये नेऊन १२० अंशांपर्यंत तापवलं, की सोडून देतं. द्रावण परत पहिल्या टॉवरला, गॅस कॉम्प्रेसरला. १५ ते २० बार दाब आणि उणे २० ते ३० अंश तापमान, की झाला त्याचा द्रव. माझ्या स्लाइड्स इथेच संपल्या होत्या.

आता सरांचा प्रश्न. समजा, जहाज रोज ३० टन फर्नेस ऑइल जाळतं. वीस दिवसांत ६०० टन. एक टन तेलातून ३.११ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. मला आधी ही प्रिंटिंग मिस्टेक वाटली! पण कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. म्हणजे एकूण सुमारे १८७० टन. त्यातला ७० टक्के पकडला तर १३०० टन. या द्रवाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, म्हणून टाकी हवी १२०० घनमीटरच्या वर. आपला मेसचा हॉल मी पावलांनी मोजला. २० बाय १५, उंची ४ मीटर. म्हणजे अख्खी मेस भरली! शिवाय तेल संपलं की जहाज हलकं व्हायला हवं, ते उलट ७०० टनांनी जड होऊन बंदराला लागणार.

दुसरी गोम उष्णतेची. नेहमीचं अमाइन वापरलं तर एक टन गॅस सोडवायला साडेतीन-चार गिगाज्यूल लागतात. एक टन तेलात असतात सुमारे ४०, आणि त्यातून निघालेल्या गॅसपैकी ७० टक्के पकडायचा तर ८ गेले. एक्झॉस्टची उष्णता थोडी कामी येते, कमी पडली की बॉयलर पेटवा. म्हणजे पुन्हा तेल, पुन्हा धूर!

तरी हे हवेतले इमले नाहीत बरं का. २०२१ मध्ये 'कोरोना युटिलिटी' या जपानी कोळसावाहू जहाजावर छोटा प्लांट चालवून ९९.९ टक्क्यांहून शुद्ध गॅस मिळवला गेला. २०२५ मध्ये नॉर्वेच्या 'क्लिपर एरिस'वर पूर्ण आकाराचा प्लांट बसला, उद्दिष्ट ७० टक्क्यांचं. नॉर्वेतच 'नॉर्दर्न लाइट्स' प्रकल्पाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये समुद्रतळाखाली २६०० मीटर खोल गॅस भरायला सुरुवात केली. पण तो गॅस सिमेंट कारखान्यातला.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, इंजिन रूममध्ये काहीही बसवा, आम्ही चालवू. पण साधा स्लज उतरवायचा तरी बंदरात किती खटपट! तुझा हा गॅस घ्यायला धक्क्यावर कोण उभं राहणार?" खरंच आहे. आपल्या विंगमध्ये डस्टबिन चकाचक आहे, पण कचरा न्यायला कोणी आलं नाही तर काय होतं, हे मी सांगायला नको!

सेमिनारला मार्क बेताचेच पडले. पण फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, कमी उष्णतेवर सुटणारं द्रावण केमिकलवाल्यांनी बघा, टाकी मेकॅनिकलने आणि बंदरातली सोय सिव्हिलने. फक्त मेसचा हॉल मोजायचा असेल तर जेवणाच्या वेळेत मोजू नका. लोक वेड्यात काढतात!