इंग्लंडची गावचर्चे, लेखांक ७ : एका छपराचे दोन मालक

मागच्या लेखात गावचर्चचे मनोरे पाहिले. आज मनोऱ्याच्या पायथ्यापासून पूर्वेकडे चालत जाऊ. मध्ययुगीन इंग्लिश गावचर्चचे मुख्य भाग दोनच. पश्चिमेकडे लोकांनी उभे राहायचा मोठा मंडप, म्हणजे नेव्ह, आणि पूर्वेकडे वेदीचा भाग, म्हणजे चान्सेल. मराठी वाचकाला सभामंडप आणि गाभारा आठवेल, आणि उपासनेपुरती ती तुलना बरीचशी चालेलही. पण बाहेर उभे राहून पाहिले, तर कितीतरी ठिकाणी हे दोन भाग एका इमारतीचे वाटतच नाहीत. एकाचे छप्पर उंच, दुसऱ्याचे ठेंगणे. खिडक्यांची घडण शे-दीडशे वर्षांनी पुढेमागे. वास्तुकलेच्या पुस्तकांत याचा उलगडा शैलींच्या क्रमाने केला जातो: आधी ही शैली आली, मग ती. ते खोटे नाही, पण त्यातून एवढेच कळते की कोणता भाग कधी बांधला. एकाच चर्चचा एक भाग नव्याने उभा राहिला आणि दुसरा जुनाच का राहिला, याचे उत्तर मला शैलीत सापडत नाही. ते खर्चाच्या वाटणीत सापडते.

तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये ही वाटणी पक्की झाली होती. चान्सेलची डागडुजी रेक्टरने करायची, नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे गावच्या धान्याचा आणि गवताचा दशांश ज्याच्याकडे जाई तो. कधी तो तिथलाच धर्मगुरू असे, तर कधी दूरचा एखादा मठ. मठाकडे हक्क गेला की गावात उपासनेसाठी व्हिकार नेमला जाई. गावकऱ्यांचे काम चर्चवॉर्डन पाहत. ते गावात जत्रेसारखा मेळा भरवून एल नावाची बिअर विकत, मृत्युपत्रांतल्या देणग्या गोळा करत आणि हिशेब लिहून ठेवत. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनच्या चर्चची पुनर्बांधणी १४६९ ते १४७२ मध्ये झाली, तिचे हिशेब आजही उपलब्ध आहेत. गावातल्या संघांनी पैसे दिले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांनी सामान दिले किंवा अंगमेहनत केली. नेव्ह गावाचा होता तो असा, अक्षरशः. म्हणून गाव वाढले की नेव्हला बाजूच्या ओवऱ्या फुटत, आणि गाव ओसरले की त्या पाडल्या जात. यॉर्कशरमधल्या वॉरम पर्सी या उजाड गावाच्या चर्चमध्ये ओवऱ्यांकडे उघडणाऱ्या कमानी नंतर दगडांनी बुजवलेल्या आज स्पष्ट दिसतात.

सफकमधले लॅव्हनम घ्या. लोकरी कापडाच्या व्यापारावर हे गाव गबर झाले. त्याच्या चर्चचा नेव्ह आणि १४१ फुटांचा मनोरा साधारण १४८६ ते १५२५ या काळातला. उंच, रुंद, काचेने भरलेला, मोठ्या अभिमानाने उभा केलेला. त्याला चिकटलेला चान्सेल मात्र चौदाव्या शतकातला, आणि बराच ठेंगणा. यावर पहिला आक्षेप असा की चान्सेलमध्ये मोजकेच धर्मगुरू असत, तो लहान असणारच. मान्य. पण त्याने आकार समजतो, वय समजत नाही. एवढा पैसा गावात खेळत असताना तो भाग दीडशे वर्षे मागे का राहिला? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लॅव्हनम 'गावाने' बांधले असे म्हणणे भाबडेपणाचे, पैसा ऑक्सफर्डच्या अर्लचा आणि स्प्रिंग या कापडव्यापारी घराण्याचा. खरे आहे. थॉमस स्प्रिंगने १५२३ च्या सुमारास मृत्युपत्रात मनोऱ्यासाठी २०० पौंड ठेवले होते. पण हा पैसा कुठे गेला ते पाहा. मनोऱ्याला गेला, नेव्हला गेला, आणि चान्सेलच्या दोन्ही अंगांना श्रीमंत घराण्यांनी स्वतःची चॅपेल, म्हणजे खासगी प्रार्थनागृहे, बांधली. अगदी भिंतीला भिंत लावून बांधली, आणि मधला चान्सेल जुनाच राहिला. सढळ हातसुद्धा हद्द ओळखत होता.

रेक्टर गावात राहणारा आणि ऐपतदार असला की नेमके उलटे घडे. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनचा रेक्टर रिचर्ड द पोट्सग्रेव्ह हा राजाचा धर्मगुरू होता. चौदाव्या शतकात तिथे उभा राहिलेला चान्सेल इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या कोरीवकामात गणला जातो, आणि त्याच्याच भिंतीत पोट्सग्रेव्हची समाधी आहे. माझ्या मते खरी कसोटी मात्र लंडनची. तिथल्या जुन्या रूढीप्रमाणे चान्सेलचा खर्चही पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, लोकांवरच होता, म्हणजे वाटणीच नव्हती. तिथले सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट हे चर्च १५२० ते १५३२ मध्ये नव्याने बांधले गेले. ते पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एकसंध मंडप आहे; चान्सेल म्हणून वेगळी ठेंगणी इमारत त्याला नाहीच. एका चर्चवरून नियम ठरत नाही, हे मी जाणतो. शहरात जागेचीही टंचाई होती. तरीही पैशाची रेघ पुसली की दगडातली रेघही पुसली जाते, हा मेळ मला योगायोग वाटत नाही. मुंबईत १८५८ मध्ये अर्पण झालेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चला नेव्ह आणि वेगळा चान्सेल हाच मध्ययुगीन आराखडा दिला गेला. तिथे ना रेक्टरचा दशांश होता ना गावकऱ्यांचा मेळा; रूप आले, कारण मागे राहिले.

ती वाटणी इंग्लंडच्या कायद्यात मात्र टिकली. १५३६ ते १५४० मध्ये मठ बरखास्त झाले, त्यांचे दशांशाचे हक्क सामान्य जमीनदारांकडे गेले, आणि हक्कांबरोबर चान्सेलची जबाबदारीही गेली. पुढे दशांशाच्या बदल्यात जमिनी दिल्या गेल्या, तेव्हा ती त्या जमिनींना चिकटली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो पॅरिशच्या खटल्यात २००३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की अशा एका शेताच्या मालकांनी गावच्या चर्चच्या चान्सेलची दुरुस्ती करून द्यायला हवी. ऑक्टोबर २०१३ नंतर जमीन विकत घेणाऱ्यावर हा बोजा येतो तो जमीन-नोंदणीत आधी दाखल केलेला असेल तरच.